मुंबईत कमी बजेटमध्ये हॉटेल घ्यायचंय? आधी लाईन बघा, मग खोली

सगळे काय करतात, अ‍ॅप उघडतात, 'मुंबई' टाकतात, स्वस्त ते महाग असं सॉर्ट करतात आणि फोटोत पांढरी चादर दिसली की बुक करून मोकळे होतात. मग गाडीतून उतरल्यावर कळतं की हॉटेल काशिमिऱ्याला हायवेवर आहे आणि आपलं काम सकाळी दहाला मंत्रालयात. खोलीत पाचसहाशे वाचले खरे, पण रोजचे चार तास लोकल, रिक्षा आणि ट्रॅफिकमध्ये गेले, शिवाय ते भाडं वेगळं आणि रात्री जेवायलासुद्धा जीव राहत नाही. मुंबईत खोलीचं भाडं आणि जाण्यायेण्याचा वेळ दोन्ही एकत्र धरूनच हिशोब करायचा, नुसत्या भाड्यावरून काही कळत नाही.

हे लिहितोय ते बाहेरगावाहून दोनचार दिवसांसाठी येणाऱ्यांसाठी. परीक्षा, इंटरव्ह्यू, व्हिसा, हॉस्पिटल, कोर्टाची तारीख, नाहीतर पोरांना गेटवे आणि राणीची बाग दाखवायची असेल ते. हनिमूनवाल्यांनी बजेट थोडं वाढवा, एवढंच सांगेन.

पहिली पायरी: काम कुठे आहे आणि ते कुठल्या लाईनवर येतं

मुंबई ही उभी पसरलेली आहे, दक्षिण-उत्तर, आणि रेल्वेही तशीच धावते. वेस्टर्न चर्चगेटवरून वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत विरार-डहाणूपर्यंत, सेंट्रल सीएसएमटीवरून दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा-कर्जत, आणि हार्बर सीएसएमटीवरून कुर्ला, वाशी, पनवेल. आता यात मेट्रो ३ आलीय, आरेपासून कफ परेडपर्यंत, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली, आणि हिने हॉटेलचं गणितच बदललंय कारण आधी जिथे रेल्वे नव्हतीच अशा बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वरळी, सिद्धिविनायक, विमानतळ या जागा आता एका लाईनवर आल्यात.

तर आधी कामाच्या जागेजवळचं स्टेशन लिहून काढा. मंत्रालय असेल तर मेट्रोचं विधान भवन स्टेशन किंवा चर्चगेटवरून चालत. हायकोर्ट असेल तर हुतात्मा चौक. अमेरिकन कॉन्सुलेट बीकेसीत आहे. टाटा, केईएम, वाडिया ही हॉस्पिटलं परळला. पवईत परीक्षेचं सेंटर आलं तर लक्षात ठेवा की पवईला रेल्वे स्टेशनच नाही, कांजूरमार्गला उतरून रिक्षा करावी लागते. मग हॉटेल शोधायचं ते त्याच लाईनवर, शक्यतो गाडी न बदलता जाता येईल असं. एकदा गाडी बदलायची म्हणजे सकाळी नऊला दादरचा पूल चढायचा, आणि ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

अजून एक, फास्ट लोकल कुठे थांबते ते बघा. दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे किंवा वेस्टर्नला मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली इथे फास्ट मिळते. करी रोड, चिंचपोकळी, माटुंगा, मस्जिद अशा स्टेशनाला फक्त स्लो. अंधेरी ते चर्चगेट फास्टने साधारण चाळीस मिनिटं, ठाणे ते सीएसएमटी पाऊण तास ते पन्नास मिनिटं, वाशी ते सीएसएमटीही पन्नासच्या आसपास. गर्दी सकाळी दक्षिणेकडे जाते, आठ ते अकरा, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उलटी. तुमचं काम अंधेरीला आणि हॉटेल दक्षिण मुंबईत असेल तर तुम्ही दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध जाता, हा फायदा कुणी सांगत नाही.

दुसरी पायरी: एरिया ठरवणं, आणि इथे जरा वेळ द्या

फोर्ट आणि सीएसएमटी परिसर. जुन्या दगडी बिल्डिंगा, लाकडी जिने, जाळीची लिफ्ट, आणि वरच्या मजल्यांवर गेस्ट हाऊस. एका बिल्डिंगमध्ये तीन मजल्यांवर तीन वेगळ्या नावांची गेस्ट हाऊस असू शकतात, नाव नीट वाचून चढा. खोल्या लहान, बऱ्याच ठिकाणी कॉमन बाथरूम, आणि काही ठिकाणी मोठ्या हॉलचे प्लायवूडने पाडलेले भाग, पार्टिशन छतापर्यंत पोचतही नाही, शेजारचा घोरला की तुम्हाला कळणार. पण लोकेशनला तोड नाही. एकटा माणूस, दिवसभर काम, रात्री फक्त झोपायचं, त्याला हे चालतं. म्हातारे आईवडील बरोबर असतील तर लिफ्ट आहे का, आणि चालू आहे का, हे फोनवर दोन वेगवेगळे प्रश्न म्हणून विचारा.

कुलाबा देखणा आहे पण तिथे तेवढीच खोली महाग पडते, आणि रेल्वे स्टेशन लांब.

ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड, मुंबई सेंट्रल या पट्ट्यात स्वस्त लॉज भरपूर. मेन रोडवरची बरी असतात, आतल्या काही गल्ल्या रात्री फॅमिली घेऊन फिरण्यासारख्या नाहीत. इथे हॉटेल घेताना मेन रोडवरचंच घ्या आणि नकाशावर रस्त्याचा फोटो बघून घ्या.

दादर माझ्या मते सगळ्यात सोयीचं. वेस्टर्न, सेंट्रल, मेट्रो तिन्ही, बाहेरगावच्या बऱ्याच गाड्या आणि बस इथे थांबतात, आणि बाहेर पडलं की थालीपीठ, मिसळ, पोळी-भाजी मिळते. त्रास एकच की हॉटेलं मोजकी आणि लवकर भरतात. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखोंनी लोक येतात तेव्हा दादरला खोली मिळणं कठीण, गणपतीच्या दहा दिवसांत परळ-लालबागचं तसंच.

अंधेरी ईस्ट, मरोळ, साकीनाका इथे खोल्या जास्त, त्यामुळे भावही हलतात. पण 'एअरपोर्टजवळ' या शब्दावर विश्वास ठेवू नका. विमानतळाची धावपट्टी मध्ये आहे, नकाशात दीड किलोमीटर दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात वळसा घालून चाळीस मिनिटांवर असू शकतं. टर्मिनल १ आणि २ पण वेगळ्या बाजूंना आहेत. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर कुठला विमानतळ लिहिलाय ते बघितल्याशिवाय हॉटेल बुकच करू नका.

वाशी, सानपाडा, तुर्भे, पनवेल: त्याच पैशात मोठी, नवी खोली. पुणे, कोल्हापूर, सातारा साईडने बसने येणाऱ्याला मुंबईच्या आधी पनवेल-वाशीच लागतं. काम नवी मुंबईत, चेंबूर किंवा कुर्ल्यात असेल तर हे घ्याच. काम चर्चगेटला असेल तर रोज हार्बर आणि वर टॅक्सी, मग परवडतं का बघा.

पत्त्याची एक सोपी परीक्षा आहे, पिनकोड. ४००० किंवा ४००१ने सुरू होणारा म्हणजे मुंबई, ४००६ म्हणजे बहुतेक ठाणे, ४००७ म्हणजे नवी मुंबई, आणि ४०११, ४०१२ किंवा ४०१३ म्हणजे मीरा-भाईंदर, वसई-विरार. ४००००१ फोर्ट, ४०००१४ दादर, ४०००१२ परळ. हॉटेलवाले नावात 'मुंबई' आणि 'नियर स्टेशन' काहीही लिहितात, पिनकोड मात्र खोटं बोलत नाही.

आणि ईस्ट-वेस्ट. स्टेशनच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळी गावं. पायी रूळ ओलांडायला पूल असतो, गाडीने मात्र फ्लायओव्हर किंवा सबवेपर्यंत जाऊन फिरून यावं लागतं. कामाची जागा वेस्टला असेल तर हॉटेलही वेस्टलाच.

तिसरी पायरी: हॉटेलच हवं का, तेही विचारा

एकच रात्र काढायची असेल आणि रेल्वेचं कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साईटवरून रिटायरिंग रूम बुक होते. सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रलला आहेत, स्वस्त आहेत, आणि म्हणूनच पटकन जातात, तिकीट कन्फर्म झालं की त्याच दिवशी बघा. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेचं पहिलं पॉड हॉटेलही सुरू झालं, म्हणजे एकावर एक झोपायच्या कप्प्यासारख्या खोल्या. रात्री उशिरा पोचून सकाळी इंटरव्ह्यूला जाणाऱ्याला मस्त, पण बंद जागेची भीती वाटणाऱ्याने लांबच राहा.

डॉर्मिटरी, हॉस्टेल हाही पर्याय आहे, अंधेरी, वांद्रे, कुलाबा, फोर्ट या भागात. लॉकर आहे का, स्वतःचं कुलूप न्यायचं का, मुलींसाठी वेगळी डॉर्म आहे का एवढं विचारायचं.

हॉस्पिटलसाठी येणाऱ्यांनी तर आधीच सगळ्या दिवसांचं हॉटेल बुक करूच नका. टाटा हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्क विभागात जाऊन राहायच्या सोयीची चौकशी करा, पेशंट आणि नातेवाइकांसाठी धर्मशाळा आणि संस्था आहेत, दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा त्यातली जुनी. जागा लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळे पहिल्या एकदोन रात्रींपुरती परळ-दादरला खोली घ्या आणि तोपर्यंत नंबर लावा. उपचार लांबतात, आणि लॉजचं रोजचं भाडं औषधांच्या आधी माणसाला संपवतं.

आमदार निवासाची ओळख काढणारेही आहेत, ओळख असेल तर हरकत नाही, पण त्या भरवशावर रात्री बाराला सीएसएमटीला उतरू नका.

चौथी पायरी: बुकिंग करताना

अ‍ॅपवर दिसणारा भाव कर सोडून असतो. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी तो १२ टक्के होता. अजूनही कुणी जुनंच छापलेलं बिल पुढे करून १२ लावत असेल तर सरळ विचारा. बिलावर जीएसटी लावलाय तर त्याचा नंबरही हवा, १५ अक्षरी, आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. नंबर नसेल तर कर कसला घेताय असं शांतपणे म्हणायचं, बहुतेक वेळा तो आकडा गायब होतो.

रिव्ह्यू वाचताना एकूण स्टार बघू नका, नवीन ते जुने लावा आणि एक-दोन स्टारवाले आधी वाचा. त्यात 'सर्व्हिस स्लो' वगैरे सोडून द्या. ढेकूण, पाणी, दाराची कडी, बुकिंग असून खोली नाकारली, हे चार शब्द शोधा. गेल्या दोन-तीन महिन्यांत यातलं एक जरी दोनदा दिसलं तरी पुढे चला. आणि हॉटेलने टाकलेले फोटो न बघता लोकांनी टाकलेले बघा, बाथरूमचा फोटो कुणी टाकला असेल तर तो सगळ्यात कामाचा.

मग हॉटेलला फोन करा. हे कुणी करत नाही पण पाच मिनिटांत निम्मे घोळ इथेच संपतात. काय विचारायचं: आमच्या नावाचं बुकिंग दिसतंय का, चेक-आऊट चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, गरम पाणी किती ते किती, रात्री एकला पोचलो तर रिसेप्शनला कोण असेल. चेक-आऊटचं खास विचारा कारण काही जुन्या लॉजमध्ये सकाळी नऊ-दहालाच खोली सोडायला लावतात, मग रात्री अकराला आलात तरी सकाळी दिवस संपला. सकाळी सहाला पोचणाऱ्याला चोवीस तासवालं लॉज सोन्यासारखं.

ओळखपत्राचं बघा. प्रत्येक मोठ्या माणसाचं हवं, आणि पत्ता असलेलं: आधार, मतदार कार्ड, लायसन्स, पासपोर्ट. पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत कारण त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचं तर मास्क्ड आधार डाऊनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि झेरॉक्सवर हॉटेलचं नाव नि तारीख लिहून सही करा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा पत्ता असेल तर बऱ्याच स्वस्त हॉटेलांत 'लोकल आयडी चालत नाही' म्हणून परत पाठवतात, घरात पाहुणे झालेत म्हणून स्वतःसाठी खोली बघणाऱ्यांनी हे फोनवरच विचारून घ्या. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही, पण हॉटेल आपला नियम सांगून नाही म्हणतं, त्यामुळे तेही आधीच विचारलेलं बरं. बरोबर परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक असेल तर हॉटेलला त्याची माहिती फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते आणि लहान लॉज त्या भानगडीत पडत नाहीत.

भावाचं सांगायचं तर डॉर्ममधला बेड साधारण पाचशे ते हजार, नॉन-एसी डबल दीड ते अडीच हजार, एसी त्याच्या वर, आणि शनिवार-रविवार, डिसेंबर अखेर, जानेवारीतली मॅरेथॉन या वेळी हे आकडे विसरा.

पाचवी पायरी: स्टेशनवरून हॉटेलपर्यंत

तिकीट नीट वाचा. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकल स्टेशन वेगळं. टर्मिनसवरून खार रोडला जाणारा पूल आहे, सामान कमी असेल तर तो बरा. एलटीटी म्हणजे कुर्ला टर्मिनस, पण जवळचं लोकल स्टेशन हार्बरचं टिळक नगर. रिक्षा वांद्र्याच्या आणि सायनच्या पलीकडे दक्षिणेला जात नाही, परवानगीच नाही, तिथून काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून मीटरचं कमीत कमी भाडं टॅक्सीला ३१ आणि रिक्षाला २६ रुपये आहे, त्यामुळे सीएसएमटीवरून फोर्टला तीनशे मागणाऱ्याला नमस्कार करा आणि रस्ता ओलांडून चालती टॅक्सी पकडा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद किंवा कमी, कुठल्या लाईनवर ते आदल्या दिवशी बघून घ्या.

आणि टॅक्सीवाला म्हणाला की ते हॉटेल बंद झालंय, दुसरं दाखवतो, तर ते बंद झालेलं नसतं.

सहावी पायरी: पैसे देण्याआधी खोली बघा

सामान रिसेप्शनला ठेवा, एकजण खाली थांबा, एकजण वर जा. यूपीआय नंतर.

पलंगाची गादी एका कोपऱ्यातून उचला, शिवणीत काळे ठिपके किंवा कातीसारखं काही दिसलं तर ढेकूण आहेत, खोली नव्हे, हॉटेल बदला. मोबाईलची टॉर्च लावून पलंगाच्या लाकडी सांध्यातही बघा. बॅग पलंगावर किंवा जमिनीवर न ठेवता टेबलावर, ढेकूण घरी नेले की पुढचे सहा महिने तेच काम.

मग नळ सोडा. मुंबईत महापालिकेचं पाणी ठराविक वेळीच येतं, हॉटेल टाकी भरून ठेवतं, त्यामुळे टाकी लहान असलेल्या ठिकाणी सकाळी आठला धार बारीक होते. बादली आणि मग आहे का बघा, शॉवरवर भरवसा नको. गिझर लावून पाच मिनिटं थांबा.

दाराची कडी आतून लावून बघा. समुद्राच्या खारट हवेने इथे लोखंड लवकर गंजतं, कडी, बिजागरी, खिडकीचा खटका सगळं जाम होतं, आणि लागते पण उघडत नाही अशी कडी रात्री आग लागली तर जीवावर बेतेल. तेव्हाच जिना कुठे आहे आणि जिन्यात गाद्या, सिलिंडर, खोकी रचलीत का तेही बघून घ्या. खिडकीला ग्रिल असेल तर बाहेर पडायला तो जिना एवढाच.

खिडकी उघडा. बऱ्याच खोल्यांची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या आतल्या बंद पोकळीत उघडते, कोंदट वास तिथूनच येतो. भिंतीला काळी-हिरवी बुरशी, फुगलेला रंग, ओली उशी दिसली तर दमा असलेल्याने ती खोली घेऊच नये. एसी लावून पाणी आत ठिबकतंय का बघा. आतल्या खोलीत मोबाईलला नेटवर्क येतं का, ओटीपी यायला हवा, हेही तिथेच बघा.

पसंत नाही पडली तर 'दुसरी दाखवा' म्हणायला लाजू नका, दुसरी असतेच, पहिली नेहमी जी खपत नाही ती दाखवतात. सी व्ह्यू मात्र मागू नका, या बजेटमध्ये समुद्र बघायला मरीन ड्राईव्हच्या कठड्यावर जायचं, तो फुकट आहे.

एकट्या बाईने राहायचं असेल तर पहिला किंवा दुसरा मजला, लिफ्टजवळची खोली, मेन रोड, चोवीस तास रिसेप्शन. रिसेप्शनला खोलीचा नंबर मोठ्याने सांगितला तर बदलून मागा. रात्री कुणी दार वाजवलं तर न उघडता आधी रिसेप्शनला फोन, आणि गरज पडली तर ११२.

पावसाळ्यात येणार असाल तर

जून ते सप्टेंबर वेगळाच हिशोब. मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं आणि बरेचसे नाले भरतीच्या पातळीच्या खाली उघडतात. म्हणजे साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की पाण्याला जायला जागाच नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहितीये. महापालिका मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा आधीच जाहीर करते, तुमच्या तारखांशी ताडून बघा, आणि परीक्षा किंवा फ्लाईट त्याच वेळेत असेल तर आदल्या रात्री चालत जाता येईल अशा अंतरावर राहा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नेहमी पाणी भरणारी ठिकाणं, यांच्या पलीकडे हॉटेल असेल तर लोकल बंद पडल्यावर तुम्ही अडकलात.

तळमजल्याची खोली नको. कपडे वाळत नाहीत, दोन दिवसांचे जास्त आणा, जीन्स आणूच नका. फॅनखाली रात्रभर टाकले तरी सकाळी गारच असतात, एसीला ड्राय मोड असेल तर तो लावा. कागदपत्रं, हॉल तिकीट, रिपोर्ट हे सगळं चेनच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये. गाडी रद्द झाली तर आधी रिसेप्शनला जाऊन एक रात्र वाढवा, मग बाकीचे फोन करा, कारण तासाभरात सगळी मुंबई खोली शोधत असते.

राहताना आणि निघताना

पैसे दिल्याची पावती पहिल्याच दिवशी घ्या, डिपॉझिट दिलं असेल तर त्यावर लिहून घ्या. खोलीतल्या पाण्याच्या बाटलीवर एमआरपी बघून मगच उघडा. टॉवेलला आधीच डाग असेल, नळ तुटलेला असेल तर आल्याआल्या फोटो काढा, जाताना त्याचेच पैसे मागतात. बिलावरून वाद झाला आणि हॉटेल ऐकतच नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, नुसतं नाव काढलं तरी कधीकधी काम होतं. व्हिसासाठी कॉन्सुलेटला जाणाऱ्यांनी मोबाईल, बॅग आत नेऊ देत नाहीत हे धरून चालायचं, सामान हॉटेलच्या लॉकरमध्येच ठेवा.

चेक-आऊट बाराला आणि गाडी रात्रीची असेल तर बहुतेक हॉटेलं बॅग रिसेप्शनला ठेवू देतात, टोकन किंवा चिठ्ठी मागून घ्या. नाही ठेवू दिली तर मोठ्या स्टेशनांवर क्लोकरूम आहे, बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. पिशवी, गोणी, नुसती चेन लावलेली सॅक असं असेल तर परत पाठवतात, म्हणून एक लहान कुलूप घरूनच आणा, स्टेशनबाहेर दुप्पट भावात मिळतं.